पायरीवरचे श्वान आणि भाकड गाय

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, दत्तमहाराजांच्या तसबिरीला आपण रोज हार घालतो. मागे गाय, पायाशी चार कुत्री. गाय म्हणजे पृथ्वी, चार श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण तसबिरीतल्या श्वानाला गंध लावायचं आणि देवळाच्या पायरीवरच्याला काठी दाखवायची, हा हिशोब जुळतो का? आयुष्यभर बँकेत खातेवह्या जुळवल्या, म्हणून विचारतो.

गुरुचरित्राचा बाविसावा अध्याय आठवा. गाणगापुरात श्रीमंतांची घरं सोडून नृसिंहसरस्वती महाराज एका गरीब ब्राह्मणाच्या दारी भिक्षेला गेले. त्याच्या घरी एक वांझ म्हैस होती. दूध नाही, म्हणून तिच्यावर माती वाहायचं काम. महाराजांनी नेमकं तिचंच दूध मागितलं, आणि ती दुभली! चमत्कार म्हणून आपण हात जोडतो, ते योग्यच. पण बोध असा की, जगाने जिला निरुपयोगी ठरवलं, तिच्याकडे महाराजांनी पाहिलं.

भाकड जनावराकडे असं पाहणारी संस्था म्हणजे पांजरपोळ. मुंबईत १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापारी यांनी मिळून भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी केली. आजही तिथे गाई आहेत. १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तिचंच. तिथे मुक्या जिवांवर उपचार होतात.

या कामात नुसती भूतदया नाही, शहाणपणही आहे. कुत्र्याच्या कानाचं टोक कापलेलं दिसलं, तर समजा की त्याची नसबंदी झाली आहे. त्याच वेळी रेबीजची लसही टोचतात आणि त्याला मूळ जागी सोडतात. जागा मोकळी ठेवली तर तिथे दुसरी, लस न टोचलेली कुत्री येतात. "पण कुत्रं चावलं तर?" असं आजीआजोबा विचारतात. भीती खोटी नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगारा लावा हवा तर, पण लस चुकवू नका.

आता उत्सवाचं बोलतो. महाप्रसादाचं उरलेलं अन्न आपण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवतो, गाईच्या मुखी जावं म्हणून. गाय पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक पोटात साठत जातं, मग ऑपरेशन करून काढावं लागतं. न निघालं तर ती जाते. शिवाय भात, पोळ्या, गोडधोड एकदम जास्त खाल्लं तर गाईच्या पोटात आम्ल वाढतं, त्यानेही जीव जाऊ शकतो. पुण्य करायला गेलो आणि नावे काय पडलं, बघा!

म्हणून यंदा गाईला हिरवा चारा घाला. पायरीशी पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा आणि ते रोज घासा. नवसाच्या पैशातला थोडा भाग जवळच्या पांजरपोळीत भाकड गाईच्या वैरणीसाठी द्या, पावती घ्या. गाय एकदा सोडून येणं सोपं आहे. तिची वैरण मात्र रोज लागते.

अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत कबुतर आहे, हरीण आहे, मासा आहे, हत्तीही आहे. ज्यांना महाराजांनी गुरू मानलं, त्यांना निदान पाणी तरी आपण पाजू.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥