लुगड्याची गाठ आणि पोटावरची पिशवी

गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत पोटावर शौचाची वाट, म्हणजे स्टोमा, करावी लागणार असेल, तर आधी तिथे शाईने खूण करतात. नियम साधा आहे. रुग्णाला उभे करायचे, बसवायचे, वाकायला लावायचे. जिथे घडी पडते आणि जिथे कपडा बांधला जातो ती जागा टाळायची. हा नियम तलासरीच्या वारली बाईला लावून पाहा. गुडघ्यापर्यंतचे लुगडे ती कमरेला घट्ट कसते. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकलेली असते. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहते. खाटेवर निजवून, इस्पितळाच्या गाऊनमध्ये केलेली खूण तिच्या कामाची नाही. घरी गेल्यावर स्टोमावर लावलेली पिशवी लुगड्याच्या गाठीखाली दबते, कडेने गळते आणि कातडी सोलवटते. जड उचलू नका, नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होईल, असे डॉक्टर बजावतात. त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण घरातले पाणी कोण आणणार?

जर्मनीतील कील इथल्या शल्यचिकित्सकांनी गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचारांनंतर स्त्रियांचे एकूण स्वास्थ्य आणि शारीरिक क्षमता पुरुषांपेक्षा कमी भरली, थकवा जास्त होता. पुरुषांना लैंगिक अडचणींचा ताण अधिक होता आणि काळ लोटला तरी तो ओसरत नव्हता. यावरून बाईला थकवा आणि पुरुषाला शय्यासुखाची चिंता, अशी वाटणी करून आपण मोकळे होऊ शकतो. मला ती मान्य नाही. अशा पाहण्यांत लैंगिक जीवनाचे प्रश्न स्त्रिया बऱ्याचदा कोरे सोडतात. कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘त्रास नाही’ असा लावणे ही आपली सोय आहे.

शरीर काय सांगते ते बघू. गुदाशयाच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या नसा दुखावल्या तर पुरुषाची ताठरता जाते, लघवीच्याही तक्रारी राहतात. बाईच्या बाबतीत ओटीपोटावरचे किरण अंडाशयापर्यंत पोचतात. पाळी वेळेआधी बंद होते, योनिमार्ग कोरडा आणि अरुंद होतो, संबंध वेदनेचा होतो, हाडे ठिसूळ होतात. टाटा स्मारक रुग्णालयातील मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी वय होते ४७. म्हणजे आपल्याकडे हा म्हातारपणाचा आजार नाही. पाळी चालू असलेल्या, संसाराच्या ऐन भरात असलेल्या बायकांनाही तो गाठतो. अंडाशय किरणांच्या वाटेतून वर सरकवून ठेवता येतात, योनिमार्ग अरुंद होऊ नये म्हणून उपाय आहेत, हे त्यांना उपचारांआधी सांगायला हवे.

त्याच आढाव्यात पुरुष ६५ टक्के होते. २०२० मध्ये जगभरात मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग सुमारे १० लाख ७० हजार पुरुषांना आणि ८ लाख ७० हजार बायकांना झाला, म्हणजे पुरुष साधारण ५५ टक्के. मधला सगळा फरक बायकांच्या उपेक्षेचा आहे, असे मी म्हणणार नाही. पण किरणोपचार साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात आणि डहाणूहून परळचे टाटा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर आहे. नवरा आजारी पडला की बायको पोरे शेजारी ठेवून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला जाते. बायको आजारी पडली तर तिच्यासोबत कोण जाते?

पुरुषाचे दुःख मी हलके करत नाही. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोटीवर आडोसा नसतो, गोडे पाणी मोजके असते. पोटावर पिशवी असलेल्या माणसाला तिथे काम करणे जवळपास अशक्य. कमाई गेली, त्यात शरीराने साथ सोडली, आणि बोलायला कोणी नाही. मग तो दारूत बुडतो.

पिशवी तात्पुरती असेल आणि आतडे पुन्हा जोडले, तरी त्रास संपत नाही. दिवसातून अनेकदा, अचानक, कळ येऊन शौचाला धावावे लागते. ही अवस्था कित्येकांना वर्षानुवर्षे राहते. घोलवडच्या चिकूवाडीत कामाला गेलेला पुरुष झाडामागे जाऊन येईल. बाई अंधार पडेपर्यंत कळ दाबून धरते, दिवसा जेवत नाही, पाणी पीत नाही आणि अशक्त होत जाते. प्रश्नावलीत त्याची नोंद ‘थकवा’ अशी होते. तिचा हा थकवा जितका कर्करोगाचा, तितकाच नसलेल्या संडासाचाही आहे.

एवढे करता येईल. टाटा रुग्णालयात स्टोमाच्या शुश्रूषेचे शिक्षण मिळते. तसे शिकलेली परिचारिका महिन्यातून एक दिवस डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तलासरीत बसावी. पिशव्या तिथेच, फुकट मिळाव्यात. पोटावर खूण करताना बाईला तिचे लुगडे नेसवून, आवणीला वाकते तसे वाकवून बघावे. आणि तिला शरीराचे प्रश्न विचारताना नवऱ्याला व सासूला बाहेर बसवावे. विचारणारी बाई असावी, तिला वारली बोलता यावी.