दार केव्हा लावावे?

मॅस्टोडॉन हे नाव आपल्या कानी आले असेल. 2016 साली ऑयगेन रॉख्को या जर्मनीतील तरुणाने सुरू केलेल्या या समाजमाध्यमाच्या जाळ्याला कोणी एक मालक नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर, प्रत्येकाचा चालक व नियम निराळे; तरी एका ठिकाणी लिहिलेले दुसरीकडे वाचता येते. स्वतंत्र मंडळ्यांनी परस्परांशी सहभागिता राखावी, तसाच हा प्रकार.

मात्र दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडण्याचा अधिकार प्रत्येक चालकाला असतो. 2019 मध्ये द्वेषमूलक लिखाणासाठी कुप्रसिद्ध असलेले गॅब याच प्रणालीवर आले, तेव्हा अनेक चालकांनी दार लावून घेतले. ते योग्यच झाले, असे मी म्हणेन. मेंढवाड्याला दार हवेच.

अडचण येते ती लहान भांडणांत. दोघाचौघांच्या अपराधापायी अख्खा सर्व्हर तोडला जातो आणि तेथील निरपराध माणसेही आपल्या स्नेह्यांना अंतरतात. बिऱ्हाड दुसऱ्या सर्व्हरवर हलवावे, तर जुने लिखाण मागेच राहते.

मत्तय 18 मध्ये प्रभूने घालून दिलेला क्रम पाहा: आधी एकान्तात भेट, मग एकदोन साक्षी, मग मंडळी, दुरावणे सर्वांत शेवटी. चालक बहुधा फावल्या वेळात विनावेतन राबणारा मनुष्य. त्याने इतके करावे कसे? हे खरेच. पण अब्राहामाने सदोमासाठी दहा नीतिमानांपर्यंत रदबदली केली होती. आपण अशा एखाद्या सर्व्हरवर असाल, तर दार लावण्यापूर्वी आपला चालक पलीकडच्या चालकाला चार ओळी तरी लिहितो काय, हे त्याला विचारून पाहा.