बहार बागेतली, वसंत माळावरचा

माणसाला नवे होण्याची, काही निर्माण करण्याची प्रेरणा कोठून मिळते? हा प्रश्न आम्हा शिक्षकांपुढे दर फाल्गुनात वर्गातच उभा राहतो. उर्दू माध्यमाच्या शाळांत ‘मौसमे-बहार’ हा निबंधाचा ठरलेला विषय. मुले नर्गिसवर लिहितात, लाल्यावर लिहितात, गुलाबासाठी झुरणाऱ्या बुलबुलवर लिहितात. नर्गिस आणि लाला त्यांनी कधी पाहिलेले नसतात. माळावर पळस पेटलेला असतो, तो निबंधात येत नाही.

दोष मुलांचा नाही. बहार हा शब्द फारसीतून आला आणि येताना इराणची बाग घेऊन आला. आमच्या दख्खनचा वसंत वेगळा आहे. ओढे आटू लागतात, ऊन चढते, आणि अशा वेळी पळस पाने टाकून उघड्या फांद्यांवर फुलतो. पाऊस अजून तीन महिने दूर असतो. पांगारा आणि काटेसावर यांचीही हीच रीत.

मग आमची उर्दू या मातीला परकी आहे काय? मुळीच नाही. गोवळकोंड्याचा सुलतान मुहंमद कुली कुतुबशहा (कारकीर्द १५८० ते १६१२) याने दखनीत वसंतावर आणि मृगाच्या पावसावर कविता लिहिल्या. आग्र्याच्या नजीर अकबराबादींनी होळीला, बसंतला, अगदी काकडीलाही कवितेत जागा दिली. दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात आजही बसंत साजरा होतो. डोळ्यांसमोरचे लिहिण्याची वाट आमच्याच भाषेत आहे. ती बुजू द्यायची की नाही, एवढाच सवाल आहे.

कोणी म्हणेल, आपली हिजरी कालगणना चंद्राची, तिचा वसंताशी संबंध काय? हे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आम्हाला उत्तर इथेच दिसते. स्वतःला तपासण्याचा महिना कधी थंडीत येतो, कधी भर उन्हाळ्यात. म्हणजे नवे होणे हवामानावर सोडलेले नाही. ऋतू फक्त आठवण देतो. पळससुद्धा पावसाची वाट पाहत नाही, मुळांनी जपलेल्या ओलीवर तो फुलतो.

आमची ओल कोणती? घरात बोलली जाणारी दखनी, बाजारातली मराठी, शाळेतली उर्दू, आणि आजूबाजूची माणसे. सुंदर ते सगळे दूरच्या बागेत असते, असे ज्या मुलाच्या मनावर ठसते, त्याला पुढे आपले घर, आपल्या आईची बोलीही कमी वाटू लागते. हे नुकसान निबंधाच्या गुणांपेक्षा फार मोठे आहे.

म्हणून मूल विचारते, “सर, पळस को उर्दू में क्या बोलते?” तेव्हा आम्ही टेसू आणि ढाक हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो. आणि सांगतो, पळस लिहिलेस तरी चालेल, मात्र आधी जाऊन बघून ये.