मरणाचा हक्क आणि जगण्याची दाद

१९८५ साली मुंबई पोलिसांतील एका शिपायाने महापालिका आयुक्तांच्या कचेरीबाहेर अंगावर रॉकेल ओतून स्वतःस पेटवून घेण्याचा यत्न केला. पूर्वी झालेल्या अपघातात त्याच्या डोक्यास इजा झाली होती, तेव्हापासून मनाचा तोल ढळला होता, आणि पत्नीला भाजीचे दुकान थाटण्यास परवानगी मिळावी एवढेच त्या दिवशीचे त्याचे मागणे होते. आयुक्तांची भेट झाली नाही; मात्र दंडविधानाच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येच्या प्रयत्नाचा खटला तत्परतेने दाखल झाला. पुढे त्याच्याच याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क अंतर्भूत आहे असा निर्वाळा देऊन, ते कलमच घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हेच मत उचलून धरले आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द केले.

मरणाच्या हक्काची आमच्याकडील न्यायालयीन मीमांसा अशी एका भाजीच्या दुकानापाशी सुरू झाली, याचा विचार पंडितांनी फारसा केलेला नाही. २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत कलम ३०९ उरले नाही, हे ठीकच झाले. परंतु सरकारी अंमलदाराला त्याच्या कर्तव्याच्या बाबतीत भाग पाडण्यासाठी वा अडविण्यासाठी जो जीव देऊ पाहील, तो कलम २२६ अन्वये आजही गुन्हेगारच आहे. म्हणजे एकांतात मरू पाहणाऱ्याला माफी आणि सरकारच्या दारात दाद मागत मरू पाहणाऱ्याला सजा, असा हा न्याय!

मरणाची खरीखुरी, निरामय इच्छा असू शकते, हे मी नाकारीत नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडले, आणि ऐन दिवाळीत, १५ नोव्हेंबरला, देह ठेवला. पण त्यांच्याभोवती आश्रम होता, औषध घ्यावे म्हणून विनवणी करणारी माणसे होती, आणि आपण कोणाला जड झालो आहोत असे त्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते. जगण्याचे सारे मार्ग मोकळे असताना ज्याने मरण निवडले, त्याच्याच निवडीला निवड म्हणावे.

अरुणा शानबाग यांना तर निवड करण्याची शक्तीच उरली नव्हती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्या परिचारिकेवर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्यानंतरची जवळपास बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, त्या रुग्णालयातील खाटेवरच गेली. त्यांना या अवस्थेतून मोकळे करावे, अशी याचिका पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केली; के.ई.एम.च्या परिचारिकांनी त्या याचिकेस विरोध केला. ज्यांनी धडधाकट अरुणाला पाहिलेही नव्हते अशा पुढच्या पिढीतल्या मुलींनी तिला न्हाऊ घातले, भरविले, कुशीवर वळविले, आणि इतक्या वर्षांत अंगाला एकही शय्याव्रण होऊ दिले नाही. मासे भरविले की तिचा चेहरा खुलतो, असे त्या सांगत. यावरून तिला जगायचे होते असे सिद्ध होत नाही. इतक्या निष्ठेच्या सेवेतही सेवा करणाऱ्याचे समाधान रुग्णाच्या इच्छेच्या जागी येऊन बसू शकते, ही शंका मला अजूनही सोडीत नाही. तथापि ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रोज तिचे अंग पुसणाऱ्या हातांकडे दिला, आणि मला तो योग्य वाटतो. याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या संमतीने उपचार थांबविण्याची वाट इतरांना मात्र खुली केली.

२०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्याच हक्काचा भाग मानला व व्यर्थ उपचार नाकारणारे इच्छापत्र आगाऊ करून ठेवण्यास मुभा दिली. २०२३ मध्ये त्यासाठीची दंडाधिकाऱ्याची अट काढून नोटरीची वा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी ठरविली. हे सारे मला मान्य आहे, आणि सुजाण वाचकांनी असे पत्र धडधाकट असतानाच करून घरच्यांना वाचून दाखवावे, असे मी सुचवीन.

परंतु या इच्छापत्राचे नावही ठाऊक नसलेली कुटुंबे रुग्णाला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरून काढून घरी नेतात, ती बहुधा दवाखान्यांत ज्याला ‘डामा’ म्हणतात त्या कागदावर सही करून: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वेच्छेने. पुष्कळदा दागिने मोडलेले असतात, शेत गहाण पडलेले असते, आणि दप्तरात मात्र नोंद होते ती नातेवाइकांच्या इच्छेची. ज्या समाजात पैसा संपणे आणि इच्छा संपणे यांची नोंद एकाच रकान्यात होते, तेथे डॉक्टरने सुई टोचून मरण देण्याची तजवीज कायद्याने केली, तर त्या सुईखाली पहिल्याने कोण येईल हे ओळखण्यास फार विद्वत्ता नको. म्हणून उपचार नाकारण्याच्या हक्काचा मी पुरस्कर्ता असलो तरी, गावोगावी वेदनाशमनाची व शुश्रूषेची सरकारी सोय होईपर्यंत, सक्रिय दयामरणाच्या कायद्यास माझा विरोध आहे.