‘झालंच’चे भाषांतर

माझा पुतण्या पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर आहे, आणि ज्या हुद्द्याच्या नावातच मास्तरकी आहे त्याला हुकमाचा अधिकार मात्र कवडीइतकाही नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानी यायला बरेच दिवस लागले. टीममधल्या सातआठ मुलांचा पगार, बढती किंवा रजा यांतले काहीच त्याच्या हाती नाही. अडलेले काम मोकळे करणे आणि जे चालले आहे ते सर्वांना यथार्थ कळेल अशी व्यवस्था राखणे, एवढेच त्याचे कर्तव्य. म्हणजे त्याचे सारे भांडवल वाणीचे, आणि तेही परक्या भाषेतले. कारण संध्याकाळी सात वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ उजाडलेली असताना, पंधरा मिनिटांची जी रोजची बैठक भरते तिच्यात कामाची कैफियत इंग्रजीतूनच द्यावी लागते. 2001 साली युटामधील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी स्क्रमसारख्या कार्यपद्धतींचा जो जाहीरनामा केला, त्यात प्रक्रिया आणि साधने यांच्याहून माणसांना व त्यांच्या परस्पर संवादाला अधिक मान दिलेला आहे. तो संवाद कोणत्या भाषेत व्हावा याविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही.

गेल्या पावसाळ्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. एके दिवशी बैठकीच्या आधी त्याने फोनवर एका मुलाला विचारले, “पेमेंटचं काम झालं का रे?” उत्तर आले, “झालंच!” पाच मिनिटांनी त्याच मुलाने अमेरिकन ग्राहकाला सांगितले, “इट इज डन.” ग्राहकाने त्या भरवशावर आपल्या वरिष्ठांना ते काम दाखवायला घेतले, आणि ते भर सभेत बंद पडले. दुसऱ्या दिवशी त्याने शांतपणे विचारले, की मला खोटे का सांगण्यात आले? मुलगा गोरामोरा झाला. आपण खोटे बोललो असे त्याला प्रामाणिकपणे वाटत नव्हते, आणि माझ्या मते तो बोललाही नव्हता.

आपण मराठी माणसे घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो, पायात चप्पलही नसताना ‘आलोच’ म्हणतो, आणि ज्या कामाला अजून हात लागायचा आहे त्याविषयी ‘करतो’ असे वर्तमानकाळात सांगून मोकळे होतो. ‘झालंच’ हे रूप भूतकाळाचे असले, तरी त्यातला ‘च’ ऐकणाऱ्याला सुचवतो की काम व्हायचे आहे, थोडे उरले आहे, आणि घाई करू नये. या ‘च’ने कोणी मराठी माणूस आजवर फसलेला नाही. इंग्रजीत जाताना तो वाटेत गळून पडतो आणि उरते ते निखळ भूतकाळाचे विधान.

मग दोष कोणाचा, आणि सत्य राहते तरी कोठे? बोलणाऱ्याच्या मनात, शब्दांत, की ऐकणाऱ्याच्या आकलनात? योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातील तिसाव्या सूत्रावर व्यासभाष्याने या प्रश्नाचा जो निकाल दिला आहे, तो मला फार कठोर आणि तितकाच मार्मिक वाटतो. जसे पाहिले, अनुमानिले वा ऐकले तशीच वाणी आणि तसेच मन असणे म्हणजे सत्य, असे सांगून भाष्यकार तेथेच थांबत नाहीत. वाणी असते ती आपला बोध दुसऱ्याच्या ठायी संक्रांत व्हावा म्हणून. तेव्हा ती फसवी असू नये, भ्रांत असू नये आणि प्रतिपत्तिवंध्याही, म्हणजे ऐकणाऱ्याला काहीच बोध न करणारी अशीही, असू नये, अशी त्यांची अट आहे. या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पतिमिश्रांनी फसव्या वाणीचे उदाहरण दिले ते धर्मराजाने द्रोणाचार्यांना दिलेल्या उत्तराचे, आणि वंध्य वाणीचे दिले ते आर्यांपुढे बोललेल्या म्लेच्छभाषेचे. परक्या भाषेचा प्रश्न सत्याच्याच प्रकरणात त्यांनी घातला, व्याकरणाच्या नव्हे, याचे मला मोठे नवल वाटते.

आमच्या मुलाचे बोलणे मात्र या तिन्हींत नीट बसत नाही. फसवण्याचा हेतू नव्हता, स्वतःविषयी भ्रम नव्हता, आणि वाणी वांझ तर नव्हतीच. तिला मूल झाले, पण ते भलतेच. तरीही बोध पलीकडे पोहोचेपर्यंत सत्य पुरे होत नाही, हा भाष्याचा दंडक लावला तर मुलाचे सत्य अर्ध्या वाटेतच राहिले, असेच म्हणावे लागेल. त्या वाटेवर पहारा करणे हेच माझ्या पुतण्याचे खरे काम. कंपनीने त्याला इंग्रजीच्या वर्गाला धाडले होते. तेथे नकार मृदू कसा करावा याची गोड वाक्ये घोटून घेतली गेली. साखरेचा हा लेप अर्थावर चढला की उरलासुरला बोधही अंधुक होतो, असे माझे मत मी त्याला ऐकवले. तो हसला.

‘कमिट’ या शब्दाचेही असेच. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी 2010 साली स्क्रमची मार्गदर्शिका प्रथम प्रसिद्ध केली आणि 2011च्या आवृत्तीत एक बारीक पण दूरगामी फेरफार केला: स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात, किती काम होईल याचे टीमने वचन द्यायचे नाही, केवळ अंदाज सांगायचा. 2016 साली तोच शब्द पाच मूल्यांत पुन्हा आला, पण ध्येयाविषयीची निष्ठा म्हणून. कामाच्या मापाची हमी म्हणून नव्हे. आमच्याकडे मात्र ‘कमिट केलंय’ म्हटले, की मुदतीला जामीन राहिल्यासारखे मुलांचे चेहरे उतरतात.

भाष्यात आणखी एक अट आहे, आणि ती सर्वांत अवघड: वाणी सर्व भूतांच्या उपकारासाठी असावी, उपघात करणारी वाणी सत्याचा वेष घेऊन आली तरी ते पापच. मुलाला ग्राहकासमोर उघडे पाडणारे खरे वाक्य पुतण्याला सहज बोलता आले असते. पुढच्या बैठकीत पुन्हा “ऑलमोस्ट डन” असे ऐकू आले तेव्हा त्याने एवढेच विचारले, “व्हॉट इज लेफ्ट?” क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्या मुलाने अडखळत, व्याकरणाचा पाय मोडीत, सांगितले की दोन चाचण्या नापास आहेत आणि आज काम पुरे होणार नाही. पलीकडून शांत स्वरात “थँक यू” आले.

बैठक संपली. स्वयंपाकघरातून सूनबाईंनी पाने घेतल्याची वर्दी दिली. “आलोच,” म्हणून पुतण्या पुन्हा पडद्याकडे वळला. आमटी दोनदा गरम करावी लागली.