शुद्धीतला नट

पिणारा नट ही रंगभूमीची जुनी ओळख आहे. दारू सोडलेला नट त्या मानाने अलीकडचा, आणि आपण दारूच्या आहारी जाणारे आहोत हे सांगत, एक थेंबही न घेता, त्याच ओळखीनिशी उरलेले आयुष्य काढणारा नट तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच दिसू लागला. व्यसनाविषयीची समजूत दीडशे वर्षांत दोन-तीनदा पालटली, तसे हे तीन नट एकामागोमाग घडले.

पहिल्या नटाचा नमुना म्हणजे एडमंड कीन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये शेक्सपिअरच्या भूमिका कराव्यात तर त्यानेच, असा त्याचा दबदबा होता. त्याच्या पिण्याचे किस्से त्याच्या अभिनयाइतकेच चवीने सांगितले जात. २५ मार्च १८३३ रोजी कोव्हेंट गार्डनमध्ये तो ऑथेल्लो करत होता आणि त्याचा मुलगा चार्ल्स इयागो. ऑथेल्लो आपल्या साऱ्या वैभवाचा निरोप घेतो, ते भाषण संपवून कीन मुलाच्या अंगावर कोसळला. त्यानंतर तो रंगमंचावर आला नाही आणि १५ मे रोजी वारला. शरीर दारूने पोखरले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी कीनने दारू सोडायला हवी होती असे म्हणण्यापेक्षा, त्या आगीशिवाय कीन झालाच नसता असे म्हणणारे अधिक होते. प्रतिभेचे बिल दारूच्या गुत्त्यावर भरावे लागते, ही समजूत नटांनी स्वतःही मनापासून बाळगली. तिच्यात सोय होती. पिण्याला कारण मिळत होते आणि सोडण्याला भीती.

व्यसन हा आजार असावा, असे फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ च्या सुमारासच लिहून ठेवले होते. पण पुढचे शतक डॉक्टरांचे झाले नाही, शपथेचे झाले. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टनच्या नावाने मंडळ काढले. पाद्र्याने उपदेश करायचा आणि दारुड्याने ऐकायचा, ही रीत त्यांनी मोडली. सुटलेल्या माणसाने उभे राहून आपली कहाणी सांगायची, अशी सभा सुरू केली. कहाणी सांगायची म्हटल्यावर ती रंगवून सांगणारा लागणारच. तो जॉन गफच्या रूपाने मिळाला.

गफ १८१७ मध्ये इंग्लंडात केंट परगण्यात जन्मला, बाराव्या वर्षी अमेरिकेत आला, पुस्तकबांधणी शिकला आणि पोटासाठी किरकोळ थिएटरांत विनोदी गाणी म्हणू लागला, लहानसहान भूमिका करू लागला. दारूत नोकरी गेली, बायको आणि मूल गेले. ऑक्टोबर १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी त्याने शपथेवर सही केली. सही करणारे हजारो होते, पण गफला रंगमंच माहीत होता. तो व्यासपीठावर येरझारा घाली, झिंगलेल्या माणसाची चाल करून दाखवी, दारू तुटल्यावर होणारे भास जिवंत करी. लोक रडत, हसत आणि तिकीट काढून पुन्हा येत. १८४५ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये अनेक दिवस बेपत्ता झाला आणि सापडला तो एका बदनाम घरात, प्यालेल्या अवस्थेत. सोड्यात कोणीतरी औषध घातले, असे त्याने सांगितले. काहींनी मानले, काहींनी नाही. शपथेच्या कल्पनेतली खोट मात्र त्या प्रसंगाने उघडी पडली. शपथ मोडली की माणूस खोटा ठरतो, आणि खोटा ठरलेल्या माणसापुढे सबब सांगणे किंवा पुन्हा पिणे हेच दोन मार्ग उरतात. घसरून परत येण्याची जागा त्या कल्पनेत नव्हती. गफ सावरला, पुढे चाळीस वर्षे व्याख्याने देत राहिला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात व्याख्यान देतानाच कोसळला आणि थोड्याच दिवसांत वारला.

त्याच काळात, १८४४ मध्ये, बोस्टनला 'द ड्रंकर्ड' हे नाटक आले. लेखक विल्यम स्मिथ आणि नायक एडवर्ड मिडलटनच्या भूमिकेतही तोच. एडवर्ड दारूत घरदार घालवतो, बायको-मुलीला उघड्यावर टाकतो आणि शेवटी एका दानशूर गृहस्थाच्या हाताने उद्धरतो. भासाचा प्रवेश या नाटकाचा प्राण होता: जमिनीवर पडलेला नायक अंगावर साप चढल्यासारखा हातपाय झाडतो आणि प्रेक्षागृह श्वास रोखून बसते. १८५० मध्ये करमणुकीचा धंदा करणाऱ्या बार्नमने न्यूयॉर्कच्या आपल्या संग्रहालयात त्याचे शंभरावर प्रयोग केले. नाटक पाहणे पाप मानणाऱ्या कुटुंबांची अडचण होऊ नये म्हणून त्याने प्रेक्षागृहाला 'व्याख्यानाचे दालन' म्हटले आणि खेळ संपल्यावर शपथेवर सही करण्याची सोयही ठेवली. धंदा आणि सुधारणा एकाच खिडकीवर. मराठी वाचकाला इथे 'एकच प्याला' आठवणे साहजिक आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्यातला सुधाकरही शपथ घेतो आणि मोडतो, पण गडकऱ्यांनी त्याला वाचवले नाही. शपथेच्या जोरावर माणूस सुटतो यावर त्यांचा विश्वास नसावा, आणि या एका बाबतीत बोस्टनच्या स्मिथपेक्षा ते खरेपणाच्या जवळ होते.

शपथेच्या जागी दुसरी कल्पना आली ती १९३५ मध्ये, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात. शेअर बाजारातला बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक बॉब स्मिथ, दोघेही पिणारे. एका दारुड्याने दुसऱ्याशी बोलत राहिले तर दोघांचीही दारू थांबते, असा अनुभव त्यांना आला आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. १० जून १९३५ हा तिचा स्थापनादिन मानतात. तिच्या रीतीत तीन गोष्टी नव्या होत्या. जन्मभराची शपथ नाही, आजच्या दिवसापुरते पाहायचे. व्यसन हा आजार आहे, बरा न होणारा पण थांबवता येणारा. म्हणून वीस वर्षे न प्यालेला माणूसही मीटिंगमध्ये उभा राहून स्वतःला दारुडाच म्हणवतो. आणि आडनाव सांगायचे नाही. ही तिसरी गोष्ट पुढे १९५० मध्ये परंपरा म्हणून रीतसर मान्य झाली: वर्तमानपत्र, रेडिओ, चित्रपट यांपुढे सभासदाने निनावी राहायचे. गफच्या काळात सुटलेला माणूस जाहिरातीचा फलक झाला होता. तो घसरला की चळवळच घसरल्यासारखी होई. निनावीपणाने तो धोका टळला. नटाच्या बाबतीत त्याचा आणखी एक उपयोग झाला, जो संस्थापकांच्या बहुधा मनातही नसेल. नाव, चेहरा आणि टाळी यांवर जगणाऱ्या माणसाला यांतले काहीही न वापरता बोलायची जागा मिळाली.

नटांना ती जागा मानवली, पण गप्प राहणे मानवले नाही. पहिला मोठा अपवाद लिलियन रॉथचा. १९१० मध्ये बोस्टनला जन्मलेली ही बालकलाकार बोलपटांच्या पहाटे पॅरामाउंटची नटी झाली, मार्क्स बंधूंच्या 'अ‍ॅनिमल क्रॅकर्स'मध्ये चमकली आणि तिशीच्या आत दारूत बुडाली. १९४६ मध्ये ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या दारात आली. १९५३ मध्ये दूरचित्रवाणीवर, १९५४ मध्ये 'आय विल क्राय टुमॉरो' या आत्मकथनात आणि १९५५ मध्ये त्यावरच्या चित्रपटात तिची कहाणी नावानिशी जगापुढे गेली. चित्रपटात तिची भूमिका सुझन हेवर्डने केली आणि कान महोत्सवात पारितोषिक मिळवले. परंपरा मोडली हे खरे. पण बायकांचे पिणे ज्या काळी घराच्या आतच दडवले जाई, त्या काळात एका बाईने ते स्वतःच्या नावावर घेतले, हेही तितकेच खरे. आणि निनावीपणाचा नियम इथे मोडला गेला ते बरेच झाले, असे म्हणायला हरकत नाही.

१९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. वीस वर्षांनी, ८ मे १९७६ रोजी, वॉशिंग्टनमध्ये बावन्न नामवंतांनी एकाच व्यासपीठावरून आपण या आजाराचे रुग्ण असल्याचे जाहीर केले. त्यांत चंद्रावर उतरलेला बझ ऑल्ड्रिन होता, तसाच 'मेरी पॉपिन्स'चा डिक व्हॅन डाइकही. सभ्य, हसतमुख, कुटुंबवत्सल अशी व्हॅन डाइकची प्रतिमा होती, म्हणून त्याचे नाव लोकांना अधिक बोचले. त्याने हे दोन वर्षे आधीच सांगून टाकले होते. तरी त्यानंतरही दारू त्याला अनेक वर्षे पुन्हा पुन्हा गाठत राहिली, आणि तेही त्याने पुढे लपवले नाही. गफला १८४५ मध्ये सबब शोधावी लागली होती. व्हॅन डाइकला ती लागली नाही. आजाराच्या कल्पनेने नटाला दिलेली सर्वांत मोठी सवलत हीच.

अँथनी हॉपकिन्सची वाट या साऱ्याच्या मध्यावर सुरू होते. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या एका बेकरीवाल्याचा हा मुलगा, जन्म ३१ डिसेंबर १९३७. शाळेत मठ्ठ गणला गेलेला, एकलकोंडा. त्याच परिसरातून रिचर्ड बर्टन निघाला होता, आणि मुलगा हॉपकिन्स त्याची सही घ्यायला गेला होता. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये तो लॉरेन्स ऑलिव्हिएच्या हाताखाली वाढला; १९६७ मध्ये ऑलिव्हिए आजारी पडल्यावर त्याच्या जागी उभाही राहिला. चारचौघांत आपण उपरे आहोत ही बोच दारूने शमते, हे त्याला लवकर कळले आणि बराच काळ पुरले. १९७३ मध्ये 'मॅकबेथ'चे प्रयोग चालू असताना तो नाटक सोडून निघून गेला. १९७४ मध्ये ब्रॉडवेवर 'इक्वस'मधला मनोविकारतज्ज्ञ त्याने गाजवला. पिणे चालूच होते.

१९७५ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात तो पिऊन गाडी चालवत होता आणि आपण कुठे चाललो आहोत याचे त्याला भान नव्हते. आपण मेलो असतो याचा धक्का त्याला तेवढा बसला नाही. गाडीखाली दुसऱ्या कोणाचे कुटुंब सापडले असते, या विचाराने तो हादरला. त्याने एका जुन्या एजंटजवळ मदत मागितली. तो दिवस २९ डिसेंबर. पिण्याची ओढ त्या क्षणी निघून गेली, असे तो सांगतो; असा अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि त्यानंतरही तो मीटिंगांना जात राहिला, हे अधिक महत्त्वाचे. पुढच्याच वर्षी 'इक्वस'मधली तीच भूमिका बर्टनने केली. बर्टन १९८४ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला.

दारू गेली की नट जातो, ही कीनच्या काळची भीती हॉपकिन्सच्या बाबतीत तपासून पाहता येते. १९८० मध्ये 'द एलिफंट मॅन'मधला डॉक्टर, मग ज्या नॅशनल थिएटरमधून तो निघून गेला होता तिथेच १९८५ मध्ये पुनरागमन आणि त्यानंतर 'किंग लिअर', १९९१ मध्ये 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स', १९९३ मध्ये 'द रिमेन्स ऑफ द डे'मधला बटलर. सुरुवातीच्या हॉपकिन्सचे बळ उसळीत होते, नंतरच्याचे स्थिरतेत. हॅनिबल लेक्टर पडद्यावर असतो जेमतेम पाव तास, आणि त्यातही बहुतेक वेळ नुसता उभा राहून बघतो. यामागे त्याची एक पद्धत आहे: पटकथा दोनशे-अडीचशे वेळा वाचायची, संवाद आपलेच बोलणे वाटेपर्यंत. असे काम शुद्धीतला माणूसच करू शकतो. दारू सोडल्यामुळे तो मोठा नट झाला, असे यातून सिद्ध होत नाही. सोडल्यामुळे लहान झाला नाही, एवढे मात्र होते. आणि जुन्या समजुतीला उत्तर म्हणून तेवढे पुरे. २०२१ मध्ये 'द फादर'साठी त्याला अभिनयाचे ऑस्कर मिळाले तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता.

आजाराच्या कल्पनेलाही आता हरकती घेतल्या जातात. जन्मभर स्वतःला दारुडा म्हणत राहणे म्हणजे सुटूनही त्याच खुंट्याला बांधून घेणे, असे काहींना वाटते. विशेषतः तरुण नट 'मी पीत नाही' एवढेच सांगून थांबतात. ज्याचा धंदाच रोज दुसऱ्याची ओळख अंगावर चढवण्याचा, त्याला एक न बदलणारी ओळख असणे सोयीचे पडते, हा जुन्या रीतीच्या बाजूचा युक्तिवादही दुबळा नाही. दोन्ही रीतींनी माणसे सुटलेली आहेत.

व्यवसायाने या प्रश्नाचे आपले वेगळे उत्तर काढले आहे: विमा. चित्रपट अर्धवट राहिला तर पैसे कोण देणार, याची हमी मिळाल्याशिवाय निर्माता नटाला घेत नाही. रॉबर्ट डाउनी ज्युनियर १९९६ पासून अमली पदार्थांपायी वारंवार पकडला गेला आणि १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात गेला. सुटल्यावर त्याची हमी घ्यायला कोणी तयार नव्हते. 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह'साठी मेल गिब्सनने स्वतः हमीचे पैसे भरले; 'गोथिका'च्या निर्मात्याने चित्रण पुरे होईपर्यंत त्याच्या मानधनातले चाळीस टक्के रोखून धरले. २००३ पासून तो व्यसनापासून दूर आहे. २००८ मध्ये त्याने 'आयर्न मॅन' केला. १९७९ च्या चित्रकथांत तो नायकही दारूशी झगडलेला होता. मार्च २०२४ मध्ये 'ओपेनहायमर'साठी ऑस्कर घेताना डाउनीने बायकोचे आभार मानले, आणि चाळीस वर्षे बरोबर असलेल्या आपल्या वकिलाचेही: त्यातली निम्मी वर्षे आपल्याला विमा मिळवून देण्यात आणि जामिनावर सोडवण्यात गेली, असे तो म्हणाला.