पोथीतील हरताळ

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांनी क्वचित एखाद्या अक्षरावर फासलेला पिवळा लेप पाहिला असेल. लेखनिकाच्या हातून चुकीचे अक्षर पडले, तर त्यावर हरताळ लावून शुद्ध अक्षर लिहिण्याची ती रीत होती. आज ‘हरताळ फासणे’ याचा अर्थ नासाडी करणे असा रूढ झाला असला, तरी मुळात ते शुद्धीचेच कर्म होय.

या रीतीचे स्मरण आम्हांस गेल्या पावसाळ्यात झाले. विदर्भातून येऊन महूस स्थायिक झालेले एक गृहस्थ आपल्या कन्येची व नियोजित वराची पत्रिका घेऊन आमच्या तीर्थरूपांकडे आले. गुण उत्तम जुळले. परंतु सोबत रक्ततपासणीची दोन कार्डे होती. वधूवर दोघेही सिकलसेलचे वाहक होते. वधूचा धाकटा भाऊ तर त्याच रोगाच्या वेदना भोगीत आहे. गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, रक्तातली चूक आता सुधारता येते म्हणतात. पण देवाने लिहिलेले माणसाने खोडावे काय?” तीर्थरूप स्तब्ध राहिले. त्या प्रश्नाचाच विचार येथे करू.

मनुष्याची डी.एन.ए.ची पोथी सुमारे 300 कोटी अक्षरांची आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या सूत्रातील एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. वाहक स्वतः बहुधा निरोगी असतो; परंतु दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. आपल्या प्रांतातील आदिवासी बांधवांत हा रोग विशेष आढळतो, म्हणूनच त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सुरू झाली.

दुरुस्तीचे साधन जीवाणूंनी पुरविले. विषाणूंशी लढण्यासाठी ते कॅस-9 नावाचे एन्झाइम वापरतात. ते इष्ट स्थळी नेता येते, हे शार्पांतिए व डाउडना या विदुषींनी 2012 मध्ये दाखविले व 2020 चे नोबेल पारितोषिक मिळविले. सोबतच्या आर.एन.ए.वर 20 अक्षरांचा पत्ता असतो. एन्झाइम तो पत्ता शोधून तेथे छेद देते, आणि पेशी तो छेद सांधू लागली की त्या जागेचा पाठ बदलतो. 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनी मान्य केलेल्या उपचारात रोग्याच्याच मूळ पेशी काढून त्यांत असा छेद देतात व त्या परत देहात सोडतात. त्यायोगे जन्मानंतर थांबलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा निर्माण होऊ लागते.

हे करणे ईश्वरी इच्छेचा अवमान आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्रारब्ध मानणारे आपण देवीची लस टोचून घेतली, चष्मा लावला. तेव्हा वेदनेने तळमळणाऱ्या मुलासच प्रारब्ध का दाखवावे? रोगी स्वतः जाणून संमती देतो आणि बदल त्याच्याच देहापुरता राहतो.

मात्र 2018 मध्ये चीनमध्ये एका शास्त्रज्ञाने गर्भातच असा बदल केला व जुळ्या मुली जन्मल्या. त्यास पुढे कारावास झाला. तेथील छेद भलत्या जागी पडला, तर ती चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरेल, आणि त्या पिढ्यांस विचारणारा कोणीच नाही. आपल्या पोथीवर हरताळ लावणे निराळे. अद्याप न जन्मलेल्यांच्या पोथीवर लावणे निराळे. आमच्या मते मर्यादा येथे आहे.

दुसरा प्रश्न न्यायाचा. अमेरिकेत या उपचाराचे मूल्य 22 लाख डॉलर ठरले. अलीराजपूरच्या शेतमजुराने ते कोठून आणावे? दिल्लीच्या सी.एस.आय.आर. संस्थेने सिद्ध केलेल्या स्वदेशी उपचारास नोव्हेंबर 2025 मध्ये ‘बिरसा 101’ हे नाव मिळाले. ते नाव सार्थ व्हायचे, तर तो उपचार बिरसांच्या बांधवांच्या झोपडीपर्यंत पोहोचला पाहिजे.

काही दिवसांनी तीर्थरूपांनी त्या गृहस्थांस बोलावून सांगितले, “मुलाचे दुःख खोडता आले तर अवश्य खोडा. आणि लग्नाचे म्हणाल, तर माझ्याआधी या दोघांनी डॉक्टरांशी बोलावे. दोष कोणाचाच नाही.” त्या विवाहाचा निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु तेव्हापासून आमच्या ओसरीवर पत्रिका उघडण्यापूर्वी वधूवरांच्या रक्ततपासणीची चौकशी होते. सभासद कुटुंबांनीही ती लाज न बाळगता करावी, ही नम्र विनंती.